‘धर्म नाही’ म्हणणाऱ्यांचे साहित्य

जपानी माणसाला त्याचा धर्म विचारला, तर ‘मुशूक्यो’, म्हणजे ‘धर्म नाही’, हे उत्तर सहज मिळते. तोच माणूस नववर्षाच्या पहिल्या दिवसांत शिंतो देवस्थानी जाऊन हात जोडतो, ओबोनच्या दिवसांत पितरांच्या समाधीवर पाणी घालतो आणि घरातले कोणी गेले की बौद्ध पुरोहिताला बोलावतो. यात ढोंग नाही. ‘शूक्यो’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो मेइजी काळात, पाश्चात्त्य कल्पनेसाठी प्रतिशब्द हवा होता म्हणून. त्या कल्पनेत संस्थापक, ग्रंथ आणि अनुयायी गृहीत होते. पितरांना पाणी घालणे त्यात बसत नव्हते. आमा तोशिमारो यांनी जपानी माणसे निधर्मी का, याची चर्चा करणाऱ्या १९९६च्या छोट्या पुस्तकात हाच भेद मांडला: एक संस्थापकाने सांगितलेला धर्म, दुसरा आपोआप रुजलेला. ‘धर्म नाही’ म्हणणारा माणूस पहिल्याला नकार देत असतो.

उत्तम जपानी येणाऱ्या वाचकापुढचा पेच इथूनच सुरू होतो. ‘एन-१’ ही जपानीची सर्वांत वरची परीक्षा उत्तीर्ण झालेले वाचक पुण्यासारख्या शहरात आहेत. भाषा आली, आता वाचायचे काय? ‘आओझोरा बुन्को’ या मोफत ग्रंथालयात सोसेकी आणि आकुतागावा मिळतात, पण स्वामित्वहक्क संपलेले लेखकच तिथे प्रामुख्याने असल्यामुळे आजचा जपान जवळजवळ नाही. २०१८च्या अखेरीस हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांवर गेली आणि हे अंतर आणखी वाढले. दुसरीकडे पुस्तकांच्या दुकानात ‘सेइशिन सेकाई’, म्हणजे ‘आत्मिक जग’, अशी पाटी लावलेले कप्पे असतात. तिथे दिलासा मिळतो, प्रश्न मिळत नाहीत. श्रद्धा म्हणजे काय, हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत जपानी भाषेत सर्वांत गंभीरपणे विचारला गेला तो कथा-कादंबऱ्यांत, मुलाखतींत आणि चित्रकथांत. वाचकाने शोध तिथे घ्यावा.

या प्रश्नाला धार आली ती २० मार्च १९९५ रोजी. ओम् शिन्रिक्यो पंथाच्या अनुयायांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. माणसे मेली, हजारो जखमी झाले. मुराकामी हारुकी यांनी त्या गाड्यांतल्या प्रवाशांच्या मुलाखती घेऊन १९९७मध्ये ‘अंडरग्राउंड’ प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी आलेल्या ‘याकुसोकु सारेता बाशो दे’ या पुस्तकात पंथाचे आजी-माजी अनुयायी बोलतात. मुराकामींच्या कादंबऱ्या जगभर वाचल्या जातात, पण श्रद्धेच्या प्रश्नासाठी ही दोन पुस्तके त्या कादंबऱ्यांहून मोलाची आहेत, आणि त्यांतही दुसरे. तिथे बोलणारी माणसे क्रूर वाटत नाहीत. जगण्याला अर्थ काय हे त्यांनी लहानपणापासून मनापासून विचारलेले असते, आणि शाळेत, नोकरीत कोणी त्यांचे ऐकून घेतलेले नसते. माणूस स्वतःची गोष्ट रचण्याचे काम दुसऱ्यावर सोपवतो तेव्हा काय होते, हा मुराकामींचा मुद्दा आहे. बोलीतली जपानी, प्रत्येकाचा वेगळा लहजा, अडखळणे, टाळणे: हे सारे मूळ भाषेतच पोचते.

इमामुरा नात्सुको यांची २०१७ची ‘होशि नो को’ ही लहानशी कादंबरी तोच प्रश्न घरात आणते. चिहिरो नावाची मुलगी जन्मतःच अशक्त, अंगभर इसब. वडिलांचा एक सहकारी ‘विशेष’ पाणी देतो, त्याने अंग धुतल्यावर मुलगी बरी होते, आणि आईवडील त्या पाण्यामागच्या पंथात शिरतात. पुढे घरे बदलत जातात, दर वेळी आधीपेक्षा लहान. थोरली बहीण घर सोडते. आईवडील डोक्यावर ओला टॉवेल ठेवून बसतात. चिहिरोला यात काही वावगे दिसत नाही, कारण तिने दुसरे घर पाहिलेलेच नसते. शाळेतले आवडते शिक्षक तिच्या आईवडिलांना वेडगळ समजतात, तेव्हा तिला आईवडील पहिल्यांदा परक्याच्या डोळ्यांनी दिसतात. लेखिका पंथाचा निकाल लावत नाही. पाणी खोटे असेल, पण त्या पाण्याने मुलीला धुणाऱ्या हातांतले प्रेम खरे आहे. मग या मुलीने कशावर विश्वास ठेवायचा? वाक्ये इतकी सोपी आहेत की चांगला वाचक घाईने पुढे जातो आणि न लिहिलेले त्याच्या हातून निसटते.

जुलै २०२२मध्ये माजी पंतप्रधान आबे शिंझो यांची हत्या झाली. आरोपीने आपल्या आईने एका पंथाला दिलेल्या मोठ्या देणग्यांचे कारण सांगितले, आणि ‘शूक्यो निसेइ’ म्हणजे पंथांतली दुसरी पिढी हा शब्द घरोघरी पोचला. त्याच वर्षी किकुचि मारिको यांचे अशा घरांत वाढलेल्यांवरचे चित्रकथेचे पुस्तक आले. एका धार्मिक संस्थेच्या आक्षेपानंतर त्याची आधीची मालिका थांबवली गेली होती, पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाने काढले. इमामुरांची कादंबरी या सगळ्याच्या पाच वर्षे आधीची आहे. साहित्य बातमीच्या पुढे कसे असते, याचा हा दाखला.

पंथाबाहेरच्या श्रद्धेवरही लिहिले गेले आहे. उसामी रिन यांच्या ‘ओशि, मोयु’मधली शाळकरी मुलगी एका गायकाच्या भक्तीवर जगते; त्या कादंबरीला २०२१च्या जानेवारीत आकुतागावा पुरस्कार मिळाला, तेव्हा लेखिका २१ वर्षांची होती. मुराता सायाका यांच्या ‘शिंको’ (म्हणजे ‘श्रद्धा’) या कथेतली बाई प्रत्येक वस्तूची मूळ किंमत विचारते, आणि जुना ओळखीचा माणूस तिला नवा पंथ काढण्यासाठी भागीदारी देऊ करतो. महागड्या भांड्यांवर विश्वास ठेवणे आणि पंथावर ठेवणे यांत फरक कुठे, हे कथा विचारते. मुराता यांची ‘कोंबिनि निंगेन’ अधिक प्रसिद्ध असली, तरी या प्रश्नासाठी ही छोटी कथा जास्त नेमकी आहे.

मृतांचा प्रश्न वेगळा आहे. गेन्यू सोक्यू हे फुकुशिमातल्या मिहारु गावच्या झेन मंदिराचे पुरोहित. त्यांच्या ‘चूइन नो हाना’ला २००१मध्ये आकुतागावा पुरस्कार मिळाला. ‘चूइन’ ही मृत्यूनंतरची ४९ दिवसांची मधली अवस्था. बौद्ध संस्कृतातल्या ‘अंतराभव’ या संज्ञेचा तो चिनीमार्गे आलेला अनुवाद. कथेतला पुरोहित रोज अंत्यविधी करतो, पण स्वतःच्या मरणाचा दिवस सांगणाऱ्या बाईविषयी त्याच्या बायकोने विचारलेल्या साध्या प्रश्नांना त्याच्याकडे ठाम उत्तर नसते. हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. ११ मार्च २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर इतो सेइको यांनी ‘सोझो राजिओ’ लिहिली: उंच झाडाच्या शेंड्यावर अडकलेला मृत माणूस रेडिओवर बोलतो आहे आणि इतर मृत त्याला ऐकत आहेत. मृतांच्या वतीने बोलण्याचा अधिकार जिवंतांना आहे का, यावर कादंबरीतली माणसे वाद घालतात. तो वादच तिचा गाभा.

चित्रकथांत उओतो यांची ‘चि’ ही आठ खंडांची मालिका चुकवू नये. पंधराव्या शतकातल्या युरोपात पृथ्वी फिरते असे मानणारी माणसे एकामागून एक मारली जातात आणि त्यांचे टिपण पुढच्याच्या हाती जाते. सत्यासाठी मरणे ही श्रद्धा की ज्ञान, हा तिचा प्रश्न. २०२२चा तेझुका पुरस्कार तिला मिळाला.

नवे शोधायचे तर पुरस्काराच्या नावापेक्षा परीक्षकांची मते वाचावीत. ‘बुंगेइ शुंजू’ मासिकाच्या मार्च आणि सप्टेंबरच्या अंकांत आकुतागावा-विजेती कथा पूर्ण छापतात आणि प्रत्येक परीक्षक आपले मत सहीनिशी देतो. नापसंतीही लपवत नाही. मागे पडलेल्या पुस्तकांची नावे तिथेच कळतात. खिशात मावणाऱ्या ‘बुन्को’ आवृत्त्यांच्या शेवटी बहुधा दुसऱ्या लेखकाचे ‘काइसेत्सु’, म्हणजे विवेचन, असते. एका पुस्तकातून दुसऱ्याकडे जाण्याचा हा सर्वांत भरवशाचा रस्ता. एनएचकेचा ‘ह्याप्पुन दे मेइचो’ हा कार्यक्रम २५ मिनिटांच्या चार भागांत एक ग्रंथ उलगडतो, आणि ‘कोकोरो नो जिदाइ’मध्ये धर्म जगणारी माणसे सावकाश बोलतात.

पुस्तक हाती येणे हाही एक अडसर आहे. इचिकावा साओ यांनी २०२३च्या ‘हंचबॅक’ या पुरस्कारप्राप्त कादंबरीत कागदी पुस्तकाचे प्रेम निरोगी शरीर गृहीत धरते, अशी कठोर टीका केली. इ-पुस्तके वाढली तर लाभ परदेशातल्या वाचकाचाही आहे. पहिले पुस्तक म्हणून ‘होशि नो को’च घ्यावे, आणि शब्दकोश बाजूला ठेवून दोनदा वाचावे.