खर्च ज्याचा त्याने

धाकट्या काकांनी लावलेला परसातल्या भिंतीचा दावा आमच्या बाजूने सुटला तो १९९४ साली. मी तेव्हा सातवीत होतो. आईने गूळ वाटला. हुकूमनाम्याची नक्कल वाचता वाचता तात्या मात्र शेवटच्या ओळीशी अडले. वादी-प्रतिवादी सख्खे भाऊ असल्याने खर्च ज्याचा त्याने सोसावा, असे तिथे होते.

“दावा लावताना भाऊ नव्हतो वाटतं!” एवढेच ते बोलले.

त्या ओळीचा मला पुढे बरीच वर्षे राग होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ३५ चा रोख असा, की सामान्यतः हरला त्याने जिंकणाऱ्याचा खर्च भरावा. न्यायाधीशाला तसे करायचे नसेल तर कारण लिहून द्यावे लागते. आमच्या न्यायाधीशांनी ते दिले होते. आणि भरून मिळाला असता तरी तो कोणता खर्च? स्टॅम्प, समन्स, साक्षीदारांचा भत्ता, वकिलाची नियमात बसेल तेवढी फी. नऊ वर्षांचे एस.टी.चे भाडे आणि बुडालेले दिवस त्यात कोण धरतो? जिंकणाऱ्याचा वेळ आणि प्रवासही खर्चात यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते २००५ साली.

अमेरिकेत सहसा ज्याचा खर्च त्यानेच करायचा. हरण्याच्या धास्तीने गरिबाने कोर्टाची पायरीच टाळू नये, हा त्यामागचा एक विचार. तो मला खोडता येत नाही. हरणारा प्रत्येक जण लबाड नसतो. आजोबांनी दाखवलेली हद्द काकांना खरी वाटत होती. आणि त्यांच्या दारात एकच म्हैस होती.

तरीही न्यायाधीशांनी दया केली ती तात्यांच्या पैशाने. (मी मास्तर आहे, दोन पोरे भांडली की दोघांनाही वर्गाबाहेर उभे करतो. सोपे असते ते.) खर्चाचा हुकूम हाती आला असता तर तात्यांनी तो वसूल केला नसता, असे मी मुलगा म्हणून म्हणतो, वाचकांनी मानलेच पाहिजे असे नाही. पण सोडायचे की नाही, हे ठरवणे त्यांच्याकडे हवे होते.

तात्या गेल्यावर त्यांची खर्चाची वही मी चुलतभावाला दाखवली. तो काही न बोलता आत गेला आणि काकांची वही घेऊन आला. ओसरीवर बसून आम्ही तारखा ताडून पाहिल्या. बहुतेक तारखांना दोन्ही वह्यांत सकाळच्या त्याच एस.टी.चे भाडे होते.