एकाचे कर्म दुसऱ्यास भोगता येते काय?

करवीर नगरीत ख्रिस्ती धर्म हा ग्रंथातून वाचण्याचा विषय नव्हे, तो शेजार आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर येथे आले. त्यांच्या नावाचे चर्च आजही उभे आहे. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाने किती जणांचे प्राण वाचविले, हे या भागातील वृद्धांना सांगावे लागत नाही. म्हणून एका वासनिकाने निरूपणानंतर विचारले, “बाबा, शेजारी म्हणतात, येशूने सर्वांची पापे आपल्या अंगावर घेतली. आपण म्हणतो, ज्याचे त्याने भोगावे. मग अधिक दयाळू कोण?” त्या दिवशी आम्ही घाईने उत्तर दिले, ते आम्हांसच पटले नाही.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठी ओवीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, तेव्हापासून ‘पाप’ आणि ‘मुक्ती’ हे शब्द दोन्ही घरी नांदत आहेत. अर्थ मात्र निराळे. ख्रिस्ती मताने जीव ईश्वराने निर्मिला, त्यास जन्म एकच व निवाडाही एकच. आदामाच्या आज्ञाभंगापासून मनुष्यमात्र पापाखाली आहे. हिंदू दर्शने बहुधा जीव अनादि, कर्म त्याचे स्वतःचे आणि जन्म अनेक मानतात. ज्यास एकच जन्म आहे, त्यास ऋण फेडण्यास अवधी कोठला? म्हणून ते दुसऱ्याने फेडावे लागते. त्या मताच्या आत ही गोष्ट सुसंगत आहे. तिची थट्टा करणारांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

परंतु आपल्याकडे अनंत जन्म आहेत म्हणून जीव आपोआप सुटेल, असे सर्वज्ञांचे शास्त्र म्हणत नाही. भोगता भोगता जीव नवे कर्म जोडतो. देवता आपापली फळे देतात, ती नाशवंत. अनादि अविद्या त्यांच्याने छेदवत नाही. ती परमेश्वरच छेदतो. तेव्हा ‘जीव स्वबळाने तरत नाही’ येथपर्यंत आपण आणि ख्रिस्ती साधक एकाच वाटेने चालतो. पुष्कळ हिंदू बांधवांस हे ऐकून नवल वाटते.

वाट फुटते ती पुढे. परमेश्वरास जीवोद्धरणाचे व्यसन आहे, त्यासाठी तो मनुष्यदेह स्वीकारतो, सन्निधान देतो, ज्ञान देतो. पण जीवाच्या ठायी शिक्षा भोगत नाही. असतिपरी जीवाने आचरावयाची, अनुताप त्याला व्हावयाचा, प्रायश्चित्त त्याने घ्यावयाचे. दंड दुसऱ्याने सोसला तर दंड टळेल. विषयाची आवड कोण काढील? न्यायाने बोलावयाचे तर ही शंका ख्रिस्ती आचार्यांसही आली होती. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, असा प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित करून नाकारला आहे. तेथेही पश्चात्तापावाचून क्षमा नाही.

आता उलट आक्षेप. कर्मसिद्धान्ताने हृदय दगड होते, असे मिशनरी म्हणत. येथे आम्हांस मान खाली घालावी लागते. तरुणपणी एका आजारी गुरुबंधूच्या सेवेत आम्ही आळस केला आणि ‘त्याचे भोग आहेत’ अशी मनाची समजूत घातली. शास्त्र आम्हांस पाठ होते! पारध्यांपासून पळालेला ससा सर्वज्ञांच्या आश्रयास आला, तेव्हा स्वामींनी त्याचे कर्म काढले नाही. त्यास राखले आणि पारध्यांस हिंसेपासून परावृत्त केले. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण कर्म असेल, पण त्याचा हिशेब पाहण्याचा अधिकार आपणास दिलेला नाही. आपणास अहिंसा आणि दया सांगितली आहे. मिरजेतील रुग्णालयाने जे केले ते आपल्या आचारधर्माविरुद्ध नाही. आपण ते केले नाही, हा दोष सिद्धान्ताचा नव्हे, आमचा.

वासनिकास हे सर्व पुन्हा सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आणि ज्यांच्या कानी ज्ञान कधी पडलेच नाही त्यांचे?” एक जन्म मानणारास हा प्रश्न फार जड जातो; त्यांच्यातही यावर मतभेद आहेत. आपल्या शास्त्रात संहारानंतर पुन्हा सृष्टी आहे, आणि जीव जोवर बद्ध आहे तोवर परमेश्वराचे ते व्यसनही सुटलेले नाही.