कावळा, फांदी आणि महिन्याचा रिपोर्ट

नीटचा निकाल लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात, म्हणजे सगळे ज्याला ट्यूशन एरिया म्हणतात तिथे, आणि इकडे नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात एका रात्रीत फ्लेक्स बदलतात. तेच चेहरे सकाळपर्यंत आपल्या फोनवर रील होऊन येतात. जरा निरखून पाहिलं तर एखादा चेहरा दोन-तीन फ्लेक्सवर सापडतो. पोरगं एका क्लासला दोन वर्षं बसलेलं असतं, दुसऱ्याची टेस्ट सिरीज लावलेली असते, तिसऱ्याचा शेवटच्या महिन्यातला क्रॅश कोर्स केलेला असतो. तिघंही म्हणतात, ‘आमचा विद्यार्थी’. आणि गंमत म्हणजे तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही.

फ्लेक्सवरची ही श्रेयाची ओढाताण सगळ्यांना दिसते. माझ्या कामात मला तीच ओढाताण आतल्या बाजूने दिसते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि क्लासवाल्यांच्या मार्केटिंगचे डॅशबोर्ड बनवणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. आजचा क्लास नुसती जाहिरात करत नाही, तो कंटेंट करतो: बायोलॉजीच्या एका मिनिटाच्या ट्रिक्स, फुकटच्या नोट्सची पीडीएफ, ‘कटऑफ किती लागेल’ असे व्हिडिओ. महिन्याच्या शेवटी या सगळ्याचा रिपोर्ट सरांसमोर जातो. (मालक असो वा संचालक, आपल्याकडे त्यांना सरच म्हणतात.) व्ह्यूज किती, लीड किती, एका लीडमागे खर्च किती, त्यातून ॲडमिशन किती.

आता एका मुलीच्या वडिलांनी सोमवारी इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवर टिचकी मारली, बुधवारी गुगलवर क्लासचं नाव शोधून वर आलेल्या जाहिरातीवर टिचकी मारली, आणि शनिवारी येऊन फी भरली. इन्स्टाग्रामचा हिशेब म्हणतो, ही ॲडमिशन माझी. गुगलचा हिशेब म्हणतो, माझी. दोघांच्या आकड्यांची बेरीज केली की रजिस्टरमध्ये आहेत त्यापेक्षा जास्त पोरं निघतात. टॉपरचा चेहरा तीन फ्लेक्सवर दिसतो, तसाच हा बाप दोन रकान्यांत बसलेला असतो. आणि तो खरं तर आला कशामुळे? बहुतेक वेळा मामाचा मुलगा तिथं शिकलेला असतो म्हणून. मामा कुठल्याच रकान्यात नसतो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. रिपोर्ट लिहिणाऱ्याला मात्र कावळ्याच्या बाजूने लिहायचा पगार मिळतो.

लातूरचं नाव या धंद्यात झालं ते रीलमुळे नाही. 1970 साली सुरू झालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय, तिथले प्राचार्य जनार्दन वाघमारे (पुढे ते नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले), जादा तास, पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षा, यातून ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला. तेव्हाही लोक विचारायचे, की कॉलेज पोरं घडवतं की घडलेलीच पोरं तिथं येतात? प्रश्न रास्त होता. पण गुणवत्ता यादी कॉलेज छापत नव्हतं, बोर्ड छापत होतं. दावा एकाचा आणि मोजणी दुसऱ्याची, एवढी फारकत तरी होती. पुढे बोर्डाने यादी बंद केली. आता मोजणारा आणि मिरवणारा बऱ्याचदा एकच असतो.

शिवाय मोजतो काय, तेही हळूच बदलतं. 31 मार्च 2025 पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. शॉर्ट सुरू झाला की एक व्ह्यू, मग तुम्ही पुढच्या क्षणी अंगठ्याने सरकवला तरी. जुन्या पद्धतीचा आकडा वेगळ्या नावाने ठेवलाय, पण तो शोधायला आत जावं लागतं. त्या एप्रिलमध्ये कंटेंटमध्ये काडीचाही फरक न करता ज्यांचा आलेख वर गेला, त्यांनी सरांना काय सांगितलं असेल? 2016 मध्ये फेसबुकने मान्य केलं होतं, की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता. कारण साधं होतं, तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले लोक भागाकारात धरलेच नव्हते. म्हणजे छेद लहान केला होता.

फ्लेक्सवर तर छेद नसतोच. ‘आमचे इतके विद्यार्थी नीट पात्र’ हे वाक्य घ्या. खुल्या प्रवर्गाला पात्र व्हायला 50 पर्सेंटाइल लागतं, राखीव प्रवर्गांना 40. म्हणजे परीक्षेला बसलेल्यांतली निम्म्याहून जास्त पोरं पात्र होतातच. 2025 मध्ये सुमारे 22 लाख बसले आणि 12 लाखांवर पात्र ठरले. देशभरात एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. ‘पात्र’ हा शब्द म्हणजे नवीन पद्धतीचा व्ह्यू झाला. खरा आहे, पण मुखेडच्या शेतकऱ्याला त्यातून जे समजतं ते खरं नाही.

सरकारला हे दिसलं नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी, त्याने कोणता कोर्स किती काळ केला हे सांगायला हवं, आणि बारीक अक्षरातली तळटीप चालणार नाही, ती दाव्याच्या अक्षराएवढीच मोठी हवी. मला यातलं शेवटचं कलम सगळ्यात जास्त आवडतं. पण हा कायदा फ्लेक्सपाशी थांबतो. एसी केबिनमधल्या प्रोजेक्टरवर जो तक्ता दिसतो, त्याला कुठलाच नियम नाही.

तो तर खासगी कागद आहे, मग त्यात नैतिक प्रश्न कसला, असं कोणी म्हणेल. पैसा सरांचा, फसले तर सर फसतील. मला हे पटत नाही. ‘कटऑफची भीती दाखवणाऱ्या व्हिडिओमुळे ॲडमिशन वाढल्या’ असं एकदा तक्त्यात आलं की पुढच्या महिन्यात तसले दहा व्हिडिओ निघतात. ते रात्री साडेअकराला होस्टेलवरची अकरावीतली मुलगी बघते. त्या बैठकीत तिला कोणी बोलावलेलं नसतं, पण निर्णय तिच्यावरच होतो. सोयाबीनचे पैसे आले की फी भरू म्हणणारा बापही तिथं नसतो. त्याला आपण ‘लीड’ म्हणतो. शब्द बदलला की माणसाचा फोन नंबर दिवसातून चार वेळा फिरवायला काही वाटत नाही.

दुसरी बाजूही मला माहीत आहे. रिपोर्ट बनवणारी मुलं आपल्यासारखीच आहेत, कोणी उदगीरची, कोणी देगलूरची, पंधरा-वीस हजारांवर कॅप्शन लिहिणारी. ‘ॲडमिशन वाढल्या, पण आपल्यामुळे किती ते सांगता येत नाही’ असं वाक्य लिहिलं तर बजेट कापलं जातं आणि पहिली नोकरी त्यांचीच जाते. समोरच्या बिल्डिंगमधला क्लास मात्र फुगवलेले आकडे दाखवतच राहतो. म्हणून प्रामाणिकपणाचा सगळा भार त्यांच्या डोक्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर ऐकून घ्यायची जबाबदारी आधी विचारणाऱ्याची आहे. सरांनी बॉटनीच्या तासाला पोराला ‘येत नसेल तर कोरं सोड, निगेटिव्ह मार्किंग आहे’ असं शिकवायचं आणि केबिनमध्ये कोरा रकाना दिसला की चिडायचं, हे कसं चालेल?

मी तक्ता बनवतो तेव्हा आता तीन गोष्टी ठेवतो. व्ह्यूजच्या शेजारी पूर्ण पाहिलेल्यांचा आकडा, त्याच आकाराच्या अक्षरात. इन्स्टाग्राम आणि गुगलच्या दाव्यांखाली रजिस्टरमधली खरी ॲडमिशन. आणि ‘स्रोत माहीत नाही’ असा एक रकाना, जो जवळपास नेहमीच सगळ्यात मोठा असतो. एका ठिकाणी तो रकाना काढायला सांगितला गेला. दुसऱ्या ठिकाणी सरांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘मग ही पोरं येतात कुठून?’

त्यावर आम्ही ॲडमिशनचा फॉर्म काढून पाहिला. ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ या प्रश्नाखाली पाच पर्याय होते, इन्स्टाग्राम पहिला. गर्दीच्या दिवसांत काउंटरवरची ताई न विचारताच पहिल्यावर खूण करायची. आता तिथं पर्याय काढून नुसती एक मोकळी ओळ ठेवली आहे. ताईंची तक्रार आहे की लोक त्यात काहीही लिहितात, गावाचं नाव, बहिणीचं नाव, एकाने तर बस कंडक्टर लिहिलंय, आणि एक्सेलमध्ये हे भरायचं कसं.