हात पसरायला शिकणं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

उदयनगरच्या सत्संगात महाराज जे बोलले, ते ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. बोलणं शक्यतो होतं तसंच ठेवलं आहे. घरात सगळे एकत्र असताना कुणीतरी मोठ्याने वाचावं, ही विनंती.

*

माय-बापहो, सकाळी एका ताईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्या लिहितात, "सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. मैयाची पायी परिक्रमा करायचीच म्हणतात. आमचे हे म्हणतात, आई, बस जाते ना इंदूरहून, गादी आहे, गरम जेवण आहे, पंधरा-वीस दिवसांत घरी. दोघंही बोलायचे थांबलेत. महाराज, काय करावं?"

नाव सांगत नाही. ते कुटुंब इथेच बसलंय, आणि आत्ता तिघंही खाली बघतायत.

बसची परिक्रमा खोटी नाही, हे आधी सांगतो. गुडघे गेलेत, दम लागतो, त्यांनी खुशाल बसने जावं, मैया हिशेब विचारत नाही. पण सासूबाई पायीच का म्हणतात ते समजून घ्या. अमरकंटकपासून भरूचजवळच्या समुद्रापर्यंत मैया १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ चालायचे, म्हणजे दुप्पट. पात्र कुठेही ओलांडायचं नाही, मैया कायम उजव्या हाताला, फक्त मुखाशी नावेतून पलीकडे जायचं. जुना नेम ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांचा. हल्ली लोक चार-सहा महिन्यांत करतात. आणि मुख्य नेम असा की साठवायचं नाही. मिळेल ते खायचं, उद्याचं बांधून घ्यायचं नाही.

हल्लीची मुलं म्हणतात ना, ‘कम्फर्ट झोन’मधून बाहेर पडा. मग डोंगरावर जातात, तंबूत झोपतात, फोटो टाकतात. चांगलंच आहे. पण मला विचाराल तर थंडीत झोपणं, दहा कोस चालणं हे काही फार अवघड नाही. शरीर आठ-दहा दिवसांत शिकतं. अवघड काय आहे ते मला इथेच कळलं, या आपल्या उदयनगरच्या जंगलात. माझी लाज आहे ती, पण सांगतो.

तीसेक वर्षं झाली. मी ओंकारेश्वरहून निघालो होतो. दक्षिण काठाने समुद्रापर्यंत, मग उत्तर काठाने परत वर. शूलपाणीच्या झाडीत मामा लोकांनी माझी घोंगडी आणि घड्याळ घेतलं, ते मी हसत दिलं. तीन महिने चालून बडवाहला पोचलो तेव्हा मनात एक गुर्मी आली होती. वाटायचं, आपण सगळं सोडलं बुवा.

बडवाहहून पुढे जयंती मातेचं जंगल लागतं, मग पिपरीकडची वाट. कावडिया पहाड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलाय. ते दगडी खांब, ठोकले की धातूसारखे वाजतात, भीमाने आणून टाकले म्हणतात. तर त्या बाजूला एका दुपारी वाट चुकलो. सकाळपासून पोटात काही नाही. एक झोपडी दिसली. बारेला कुटुंब. बाई चुलीपाशी होती, मक्याची रोटी थापत होती. मला बघून उठली, हात जोडले, म्हणाली, बाबाजी, बसा, रोटी घ्या.

आणि माझ्या तोंडून काय निघालं? "आज उपवास आहे."

का निघालं, हे मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणापासून अंगात मुरलेलं. कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या नाही. अहो, बडवाहच्या स्टँडवर आदल्याच दिवशी कचोरी खाल्ली होती. कढईवर कोण बसलंय, विचारलं होतं का मी? तिथे सोवळं आठवलं नाही. इथे एका गरीब बाईपुढे आठवलं.

ती बिचारी म्हणाली, उपवास असेल तर दूध घ्या. शेळी होती एक. पेलाभर दूध निघालं. तिचा लहान मुलगा, तीन-चार वर्षांचा, शेजारी वाडगा घेऊन उभा होता. तिने तो वाडगा त्याच्या हातातून काढून घेतला आणि दूध माझ्यापुढे ठेवलं. पोरगं रडलं नाही. नुसतं बघत राहिलं.

आता बोला. खरं सांगावं तर खोटं उघडं पडतं. नाही म्हणावं तर तिच्या दारातून साधू उपाशी गेला, हे तिला लागणार. मी ते दूध प्यायलो. माझ्या एका खोट्यापायी त्या पोराचं दूध गेलं. रोटी खाल्ली असती तर ते तरी वाचलं असतं.

नंतर दोनदा त्या वाटेने गेलो. झोपडी सापडली नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी त्यावर मराठीत टीका लिहिली, पैठणला सुरू केली, १५७३ मध्ये काशीत पुरी केली. त्या चोविसांत मधमाशी आहे, अजगर आहे. अजगर आपण विनोदात काढतो, आळशी म्हणतो. पण तो येईल ते घेतो, गोड असो, फिकं असो. आपण आयुष्यभर निवडून घेतो आणि त्याला नियम म्हणतो.

इथे कुणीतरी मनात म्हणत असेल, महाराज, टेंबेस्वामी तर आचाराने केवढे कडक होते! होते ना. पण माणगावचं घर मागे टाकलं, १८९१ साली संन्यास घेतला, आणि १९१४ मध्ये गरुडेश्वरला मैयाकाठी देह ठेवला. मधली सगळी वर्षं भारतभर पायी, वाहन नाही. या आपल्या धार जिल्ह्यात चिखलद्याला त्यांचा एक चातुर्मास झाला. ते चिखलदा आता सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेलं. त्यांच्या नेमाने त्यांना उपाशी ठेवलं, उन्हात चालवलं. माझ्या नेमाने माझी फक्त सोय पाहिली. तेव्हा त्यांचं सोवळं पुढे करून मला सोडवू नका.

आणि आपण कोण? देवास, धार, इंदूरची मराठी माणसं. अठराव्या शतकात पवारांच्या, होळकरांच्या मागोमाग घरदार सोडून इकडे आलेल्यांची पोरं. भाषा वेगळी, पाणी वेगळं, तरी रुजलो. आणि आज त्यांच्याच घरातला मुलगा म्हणतो, आईने बिसलेरीशिवाय पाणी पिऊ नये!

बाळा, हसण्यावारी नेत नाही मी. तुझी भीती खरी आहे. मैया सगळ्यांना सांभाळते, असं मी सांगणार नाही. धाराजी इथून लांब नाही. एप्रिल २००५, अमावास्येची यात्रा, काठावर माणसं झोपलेली, आणि रात्री वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आलं. कितीतरी जीव गेले. ते नावं घेत होते मैयाचंच. म्हणून सांगतो, पाण्यालगत वाळूत मुक्काम करायचा नाही, वर गावात, आश्रमात झोपायचं. जंगलाच्या टप्प्यात एकट्याने जायचं नाही. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. साठवायचं नाही हा नेम गोळ्यांना लागू नाही, लिहून घ्या.

नाशिकच्या भारती ठाकूर यांचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. २००५-०६ मध्ये त्या पायी परिक्रमेला गेल्या. काठावरच्या घरांनी जेवू घातलं, झोपायला जागा दिली, आणि त्या घरातली मुलं शिकत नाहीत हे त्यांनी पाहिलं. मग निमाडात येऊन राहिल्या, लेपा गावात मुलांना शिकवायचं काम उभं केलं. ज्याने कुणाच्या चुलीपुढे बसून खाल्लंय, त्याला त्या घरातलं पोर दिसतं. मला दिसलं होतं, पण उशिरा.

तर ताई, सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे न्या. त्यांनी हो म्हटलं तर ओंकारेश्वरला मांधाता बेटाची प्रदक्षिणा करून बघा, सातेक किलोमीटर आहे, चढ-उतार आहे. जमली तर कार्तिकी एकादशीनंतर निघू द्या. सगळी झाली नाही तरी चालेल, जिथे थकतील तिथून परत या. तीही मैयाच.

आणि चिरंजीव, तुम्ही रजा काढा. पहिले पाच दिवस आईबरोबर चाला. पैशाचं पाकीट घरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी दारात उभं राहायची वेळ येईलच. तेव्हा आई मागे थांबेल. नर्मदे हर म्हणून हाक तुम्ही द्यायची.

*

पुढचा सत्संग पौर्णिमेला, नेहमीच्या जागी. येताना ताट-वाटी आपली आणावी.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥