झडती कोणाची घ्यावी?

टेक्सासमधील फ्रिस्को शहरात आता भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती झाली आहे. मुंबई-ठाण्याहून आईवडील, मावश्या, आत्या नातवंडांना पाहण्यास येतात आणि परत जाताना डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर त्यांना तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते. आजीच्या बांगड्यांमुळे यंत्र वाजते, शाम्पूची मोठी बाटली काढून ठेवतात, आणि मग घरच्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते: "या म्हातारीपाशी काय सापडणार? ज्यांच्यावर संशय घ्यायचा त्यांना धरा, आम्हांला कशाला?"

वाक्य साधे आहे, पण त्यात न्यायाचा मोठा प्रश्न दडला आहे.

तपासणीचा उपयोग नाही, असे म्हणणाऱ्यांपाशी पुरावा आहे. २०१५ साली अमेरिकन सरकारच्याच माणसांनी नकली शस्त्रे व स्फोटके लपवून चाचणी घेतली, तेव्हा ७० पैकी ६७ वेळा ती पकडली गेली नाहीत, असे उघड झाले. आकडा लाजिरवाणा खरा. परंतु ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक उतारूची तपासणी सक्तीची झाली आणि त्यापूर्वी वारंवार होणारी विमानांची पळवापळवी एकदम कमी झाली, हेही खरे. कुलूप फोडता येते म्हणून कोणी दार उघडे टाकून झोपत नाही.

आता "ज्यांच्यावर संशय घ्यायचा ते" म्हणजे कोण? चेहरा व नाव पाहून ते ठरवावे, असे बोलणाराच्या मनात असते. ३० मे १९७२ रोजी लोदच्या विमानतळावर, म्हणजे आजच्या बेन गुरियनवर, रोमहून एअर फ्रान्सच्या विमानाने तिघे उतरले. सामानातून बंदुका काढून त्यांनी २६ माणसे मारली. ते जपानी होते! पहारेकऱ्यांची नजर अरबांचे चेहरे शोधीत होती. या तिघांकडे कोण पाहणार?

दुसरी गोष्ट लंडनची. १७ एप्रिल १९८६ रोजी हीथ्रोवर एक गरोदर आयरिश बाई एल अलच्या विमानात चढण्यास आली. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून तिची बॅग सुटली होती. एल अलच्या रक्षकांनी तिला प्रश्न विचारले, बॅग रिकामी करून उचलून पाहिली, तर तळाच्या कप्प्यात सुमारे दीड किलो स्फोटक! तिच्या वाग्दत्त वराने, नेझर हिंदावीने, ते तिच्या नकळत ठेवले होते. विमानात सुमारे ३७५ माणसे जायची होती. केवळ चेहऱ्यावर जाणाराने त्या बाईला खुर्ची देऊन पुढे सोडले असते.

म्हणजे तोंडावळ्यावरून संशय घेणे अन्यायाचे आहेच, शिवाय ते कामचुकारपणाचेही आहे. बॅगेचे वजन पाहावे, उत्तरातील विसंगती ऐकावी, वागणे न्याहाळावे. ते कष्टाचे काम आहे. एल अलच्या पद्धतीची स्तुती करताना हेही सांगितले पाहिजे की, अरब नागरिकांना तेथे अधिक अडवतात ही तक्रार इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. हीथ्रोचे यश प्रश्नांचे होते, या अडवणुकीचे नव्हे.

आणि वाचकहो, हे आपण तरी विसरू नये. लग्नाच्या वेळी आईची आई कोण, तिची आई कोण, अशी चौकशी रब्बींनी आपल्याच लोकांची करावी, असा हुकूम इस्राएलमध्ये निघाला होता. १९६४ साली जेरुसलेममध्ये आपली माणसे रस्त्यावर बसली, क्नेसेटने बाजू घेतली, तेव्हा कोठे तो हुकूम बदलला. इतरांना सोडून एकालाच बाजूला काढून विचारणे कसे झोंबते, हे ज्यांच्या घरात ठाऊक आहे, त्यांनी फ्रिस्कोच्या दिवाणखान्यात बसून "त्यांना धरा" असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

माझे मत असे की, रांग सर्वांना सारखी असावी; आजीलाही. जुलै २०२५ पासून अमेरिकेतील तपासणीत जोडे काढण्याची सक्ती उठली, तेव्हा तिचे वाकणे तरी वाचले. बांगड्यांचे मात्र तिलाच ठरवू द्या. काढा म्हटले तर ती ऐकणार नाही.