अज्ञात कुळाचा कुत्रा आणि स्वीकाराचा धर्म

प्राण्याचा स्वभाव त्याच्या कुळातून येतो की त्याला मिळालेल्या वागणुकीतून घडतो, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाला नवा नाही. परंतु ज्याने आयुष्यात कधी कुत्रा पाळलेला नाही असा बीड जिल्ह्यातील एखादा गृहस्थ जेव्हा रुंद कपाळाचे, जाड जबड्याचे आणि ‘पिटबुलची पैदास दिसते’ असे ज्याच्याविषयी लोक म्हणतात असे बेवारस पिल्लू घरी आणण्याचा विचार करतो, तेव्हा हा प्रश्न केवळ वादाचा राहत नाही. त्याच्या उत्तरावर एका मुक्या जिवाचे आयुष्य, शेजारच्या लेकरांची सुरक्षितता आणि पाळणाऱ्याचे स्वतःचे धर्माचरण अवलंबून राहते.

पिटबुल हे नाव कुत्र्यांच्या ज्या गटाला दिले जाते, त्याचा उगम एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याच्या खेळावर तेथे १८३५ मध्ये कायद्याने बंदी आली आणि त्यानंतर खड्ड्यासारख्या बंदिस्त जागेत कुत्र्यांची झुंज लावण्याचा प्रकार वाढला. बुलडॉगचे बळ आणि टेरियर जातीची चपळाई यांचा संकर करून, माघार न घेणारे प्राणी निवडून त्यांचीच वीण वाढवली गेली आणि पुढे अमेरिकेत त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. या इतिहासातील तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही जात निसर्गाने घडवलेली नसून माणसाच्या हेतुपूर्वक कृतीचा ठसा तिच्या शरीरावर उमटलेला आहे. दुसऱ्या शब्दांत, कर्म माणसाचे आणि त्याचा संस्कार मात्र कुत्र्याच्या वंशात उतरलेला.

त्यातही, समोरचे पिल्लू खरोखर त्या वंशाचे आहे की नाही हे पाहून सांगता येत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील चार निवाऱ्यांतल्या १२० कुत्र्यांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील अनुभवी कर्मचाऱ्यांनी त्यांपैकी ६२ कुत्र्यांना पिटबुल वर्गाचे ठरवले होते, तर आनुवंशिक तपासणीत तो वंश फक्त २५ कुत्र्यांत आढळला. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करणाऱ्या संशोधनाचा निष्कर्ष असा होता की कुत्र्या-कुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकापैकी सुमारे नऊ टक्के भागच जातीवरून सांगता येतो. म्हणजे वंशाचा परिणाम शून्य नाही. पण केवळ जातीचे नाव ऐकून एका विशिष्ट कुत्र्याचे भविष्य वर्तवणे शास्त्राला धरून नाही. आपल्याकडील गावरान कुत्र्यांत रुंद डोक्याचे आणि भरीव छातीचे कुत्रे जन्मतातच. त्यांच्यावर हे नाव चिकटायला एखाद्याचा संशय पुरतो.

संशय व्यक्तीवरून संपूर्ण जातीवर कसा पसरतो, याचे उदाहरण बीड जिल्ह्यानेच पाहिलेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लऊळ येथे वानर कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेतात आणि तेथून पडून वा उपासमारीने ती मरतात, अशी तक्रार झाली. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरांनी सूड आरंभला, असा अर्थ त्या घटनेला देण्यात आला आणि बातम्यांतून मेलेल्या पिल्लांचा आकडा अडीचशेपर्यंत जाऊन पोहोचला. वन विभागाने शेवटी पकडले ते दोन वानर. आरोप एका संपूर्ण प्राणिजातीवर आणि कृती दोघांची, हे अंतर त्या वेळच्या चर्चेत फारसे कोणी मोजले नाही, याचे वाईट वाटते.

भारतीय दर्शनांत या अंतरासाठी एक नेमकी संकल्पना आहे. कर्मसिद्धान्त मांडताना दोन दोष टाळावे लागतात: केलेल्या कर्माचे फळ न मिळताच ते नष्ट होणे म्हणजे ‘कृतनाश’, आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी येणे म्हणजे ‘अकृताभ्यागम’. ज्या विचारातून हे दोष उद्भवतात तो विचार दार्शनिक सदोष मानतात. झुंजीसाठी वीण करणारा मनुष्य मोकळा सुटतो आणि त्याच्या कृत्याचे फळ कोणालाही न चावलेल्या पिल्लाला दगडांच्या रूपाने मिळते, तेव्हा हे दोन्ही दोष एकाच वेळी घडतात. महाभारताच्या आदिपर्वात हीच तक्रार एका कुत्रीच्या तोंडी आहे. जनमेजयाच्या सत्रात, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या यज्ञात, त्याच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला मारले; त्या पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. सरमेने कारण विचारले आणि उत्तर मिळाले नाही, तेव्हा तिने अदृष्ट भय ओढवेल असा शाप दिला. कुरुकुळाची एवढी प्रचंड कथा सांगणाऱ्या ग्रंथाने एका निरपराध कुत्र्याच्या मारहाणीला आरंभापाशी स्थान द्यावे, यामागे योगायोग नसावा. पाली साहित्यातील कुक्कुर जातकात तर तपासाची रीतही दिलेली आहे. राजाच्या रथाचे चामडे कुत्र्यांनी खाल्ले म्हणून नगरातील सर्व कुत्रे मारण्याचा हुकूम सुटतो, वाड्यातले कुलीन कुत्रे तेवढे वगळले जातात, आणि बोधिसत्त्व राजाला दाखवून देतो की चामडे त्या कुलीन कुत्र्यांच्याच पोटात आहे.

एवढ्यावर थांबणे मात्र अप्रामाणिक ठरेल, कारण विरुद्ध बाजूलाही परंपरेचा आणि अनुभवाचा आधार आहे. शांतिपर्वात भीष्म एका ऋषीच्या कुत्र्याची गोष्ट सांगतात. तपोवनात फळे-मुळे खाऊन राहणारा तो कुत्रा बिबट्याला भ्याला म्हणून ऋषीने त्याला बिबट्या केले. पुढे प्रत्येक नव्या भयावर उपाय म्हणून वाघ, हत्ती, सिंह आणि अखेरीस शरभ, म्हणजे सिंहालाही भारी असलेला पुराणप्रसिद्ध प्राणी, असे रूप दिले. शरभ झालेला तो कुत्रा ऋषीलाच मारायला निघाला, तेव्हा ऋषीने त्याला पुन्हा कुत्रा करून हाकलून दिले. भीष्मांनी यातून ज्याला त्याला त्याच्या योग्यतेच्या जागी ठेवावे अशी राजनीती काढली आणि जन्मसिद्ध स्वभाव मानणाऱ्यांना ही कथा जवळची वाटते. तथापि कथेचा तपशील वेगळे काही सांगतो. मूळ रूपात तो प्राणी सौम्य आणि भक्त होता. प्रत्येक रूपांतराचे कारण भय होते. आणि बळ देणाऱ्याने ते आवरण्याचे शिक्षण एकदाही दिले नाही. कुत्र्याचा कमी आणि ऋषीचा अधिक दोष दाखवणारी ही कथा आहे, असे वाचन येथे अधिक योग्य वाटते. धाक बसावा म्हणून कुत्र्याचे कान कापणारे, त्याला दिवसभर आखूड साखळीला बांधून चिडवणारे लोक तोच शरभ घडवत असतात.

जुलै २०२२ मध्ये लखनऊ येथे घरी एकट्या असलेल्या ८२ वर्षांच्या वृद्धेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला, ही घटना कोणत्याही कथेच्या वाचनाने सौम्य होत नाही. अशा घटनांनंतर केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ च्या पत्राने पिटबुलसह तेवीस जाती व त्यांचे संकर यांची आयात, पैदास आणि विक्री रोखण्यास राज्यांना सांगितले आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करण्याची सूचना दिली. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द ठरवले. कायद्याच्या या हेलकाव्यांवर नैतिक निर्णय टांगून ठेवता येत नाही. जोरकस जबड्याचा कुत्रा क्वचितच चावतो असे मानले, तरी त्याचा एक चावा दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्यापेक्षा अधिक इजा करू शकतो, आणि ही इजा शेजारच्या मुलाला झाली तर तेथेही अकृताभ्यागमच घडतो: कुत्रा आणण्याचा निर्णय त्या मुलाचा नव्हता.

गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुष गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्याकडे समदृष्टीने पाहतो असे म्हटले आहे. समदृष्टी याचा अर्थ सर्वांमध्ये एकच आत्मतत्त्व पाहणे. सर्वांशी सारखेच वागणे असा तिचा अर्थ नाही, कारण हत्तीचा चारा कुत्र्याला घालणारा ज्ञानी ठरत नाही. मूल्य सारखे आणि व्यवहार मात्र ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे, हा भेद ओळखणारी बुद्धी म्हणजे विवेक. ज्या कवी मुकुंदराजांची समाधी परंपरेने बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईला दाखवली जाते, त्यांच्या ग्रंथाचे नावच ‘विवेकसिंधु’ आहे. भैरवाचे वाहन कुत्रा, दत्ताच्या पायांशी चार कुत्रे, आणि खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात; तरीही याच समाजात कुत्र्याचा स्पर्श विटाळाचा मानला गेला. बीडच्या मुस्लिम घरांतही कुत्र्याच्या लाळेविषयी शुद्धीचे नियम पाळले जातात आणि त्याच वेळी तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची हदीस आदराने सांगितली जाते. शुद्धीचा नियम आणि जिवाचे मोल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एवढे दोन्ही परंपरांतून स्पष्ट होते.

आता पाळणाऱ्याचा धर्म. स्वीकार करण्यापूर्वी नकार देणे हे पाप नाही. स्वीकारानंतर सोडून देणे हे शरणागताचा त्याग करणे आहे, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही तो गुन्हा आहे. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला न सोडणारा युधिष्ठिर या संदर्भात नेहमी आठवला जातो, पण तेथे कुत्रा शेवटी प्रत्यक्ष धर्म निघतो. सामान्य गृहस्थाचा कुत्रा अखेरपर्यंत कुत्राच राहणार आणि त्याची सेवा तशीच करावी लागणार. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने रेबीजची लस, निर्बीजीकरण, भक्कम पट्टा, गर्दीत मुसके आणि उंच भिंतीचे आवार ही व्यवस्था आधी करावी. कुत्र्याचे अंग ताठरणे, नजर रोखणे, गुरगुरणे यांची ओळख करून घ्यावी आणि गुरगुरण्याबद्दल त्याला मारू नये, कारण गुरगुरणे हा इशारा आहे आणि इशारा मारून टाकलेला कुत्रा न सांगता चावतो. लहान मुले आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून एकत्र सोडू नये. कुत्रा प्रत्यक्षात पिटबुलचा नसला तरी या दक्षतेने त्याचे काही बिघडत नाही, आणि असला तर तीच त्याला जगवते; कुळाचा प्रश्न अनिर्णित ठेवूनही योग्य आचरण शक्य आहे ते याच कारणाने. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने पाळीव प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला शिक्षा सांगितली आहे, परंतु धर्मविचार त्याच्या आधीच सुरू होतो: ज्याने स्वीकार केला, त्या कृतीचे फळ त्याच्यापाशीच राहावे, कुत्र्याकडे किंवा शेजाऱ्याकडे जाऊ नये.

बीड जिल्ह्यात हा विचार एका कठीण वास्तवाला भिडतो. दसरा-दिवाळीनंतर लाखो ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपेपर्यंत कित्येक घरांत म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले एवढीच उरतात. गावरान कुत्रा या काळात गल्लीच्या भाकरीवर निभावतो, कारण तो कोणा एकाचा नसतो आणि त्याला सगळे ओळखतात. पिटबुलचा संशय असलेल्या कुत्र्याला मात्र गल्ली भाकरी टाकणार नाही, तो मोकळा दिसला की काठीच उचलेल. त्याला बांधून ठेवले तर त्याचे बळ आवरण्याचे काम आजीच्या हाती येते, आणि लखनऊची ती वृद्धाही घरी एकटीच होती. म्हणून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने असे पिल्लू आणण्याआधी ते सहा महिने कोणाच्या हाती राहील, हे त्या माणसाला प्रत्यक्ष विचारून ठरवले पाहिजे. आणि असा माणूस मिळत नसेल, तर पिल्लाला बारमाही घर असलेल्या दुसऱ्या गृहस्थाकडे पोहोचवणे हीसुद्धा दयाच आहे.