राष्ट्रांचा न्याय आणि वाचकाची जागा

बायबलमधील संदेष्ट्यांच्या ग्रंथांत आणि येशूच्या उपदेशात अंतिम न्यायाची जी चित्रे येतात, त्यांचा एक विशेष असा की तेथे केवळ एकेका जीवाच्या पापपुण्याचा हिशेब होत नाही, तर सबंध राष्ट्रे न्यायासनासमोर उभी केली जातात. मराठी वाचकाच्या परिचयाचा चित्रगुप्त मेलेल्या माणसाची वही उघडतो. गावाची किंवा राज्याची वही त्याच्याकडे असल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे ‘राष्ट्रांचा न्याय’ ही कल्पना येथल्या वाचकाला काहीशी परकी वाटते, आणि ती नीट समजून घेण्यापूर्वीच आजच्या नकाशावर लावण्याचा मोह प्रबळ होतो. संदेष्ट्यांच्या काळी राष्ट्र म्हणजे वंश, भाषा, दैवत आणि राजा यांनी एकत्र बांधलेला जनसमूह. सीमारेषा, पारपत्र आणि ध्वज यांनी ओळखले जाणारे आधुनिक राज्य त्यांच्या नजरेसमोर असणे शक्यच नव्हते.

ही चर्चा केवळ पाश्चात्त्य धर्मपीठांपुरती नाही. मिरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेकडील उत्तन, डोंगरी, गोराई आणि भाईंदर या गावांत मराठी बोलणारा कॅथलिक समाज पोर्तुगीज काळापासून नांदत आहे. त्यांत कोळी आहेत, शेतीवाडी करणारे आहेत, आणि यांतील बरेच लोक 1887 पासून रूढ झालेल्या ‘ईस्ट इंडियन’ या नावाने ओळखले जातात. कॅथलिक उपासनेत शुभवर्तमानांची वाचने तीन वर्षांच्या चक्रात विभागलेली असतात आणि त्यांतल्या एका वर्षी, उपासनावर्षाच्या अखेरच्या रविवारी, म्हणजे ख्रिस्तराजाच्या सणाला, मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील राष्ट्रांच्या न्यायाचा उतारा वाचला जातो. 2023 साली तो वाचला गेला, आणि त्यानंतरची पाळी 22 नोव्हेंबर 2026 ची. या सणाची स्थापना पोप अकरावे पायस यांनी 1925 साली केली, तीही पहिल्या महायुद्धानंतर, राष्ट्रवाद हाच युरोपचा धर्म होऊ पाहत असताना. तेव्हा राष्ट्रांच्या न्यायाचा उतारा नेमका या दिवशी यावा, यात औचित्य आहे.

मिरा रोडच्या बाजूला गेल्या काही दशकांत पेन्टेकॉस्टल व अन्य स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्याही वाढल्या आहेत. भाकितांविषयीची उत्सुकता अशा मंडळ्यांत सहसा अधिक असते आणि युद्धाच्या बातम्यांबरोबर ती वाढते. तिचा उपहास करण्याचे कारण नाही, कारण ज्या ग्रंथाला देवाचे वचन मानायचे त्याचा वर्तमानाशी काही संबंध असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न तो संबंध कोणत्या मार्गाने जोडायचा, हा आहे.

सर्वांत जुना आणि सर्वांत निसरडा मार्ग म्हणजे नावांची ओळख पटवणे. यहेज्केलच्या 38 व्या व 39 व्या अध्यायांत मागोग देशाचा आणि मेशेख व तुबाल यांचा गोग नावाचा अधिपती प्रचंड सैन्यासह उत्तरेकडून इस्राएलावर चालून येतो आणि देवाच्या हातून नष्ट होतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस गॉथ टोळ्या रोमन साम्राज्यात घुसल्या, तेव्हा मिलानचा बिशप अंब्रोज याने गोग म्हणजे गॉथ असा निर्वाळा दिला. 1529 साली तुर्कांची फौज व्हिएन्नाच्या वेशीशी येऊन ठेपली, त्या सुमारास मार्टिन ल्यूथरला गोगच्या जागी तुर्क दिसले. आणि शीतयुद्धाच्या काळात, विशेषतः हॅल लिंडसे यांच्या 1970 सालच्या लोकप्रिय पुस्तकानंतर, गोग म्हणजे सोव्हिएत रशिया हे समीकरण इतके रुळले की मेशेख म्हणजे मॉस्को आणि तुबाल म्हणजे सायबेरियातील तोबोल्स्क असे उच्चारसाम्यावरून सर्रास सांगितले जाई. वस्तुतः मेशेख व तुबाल ही आशिया मायनरमधील जनसमूहांची नावे असून अश्शूरी लेखांत ती मुश्की व ताबाल या रूपांत आढळतात. गॉथ विरघळून गेले, तुर्क मागे हटले, सोव्हिएत संघ 1991 साली मोडला, आणि प्रत्येक वेळी जुने समीकरण गुपचूप बाजूला ठेवून नवे मांडले गेले. मात्र व्याख्याकाराचे स्वतःचे राष्ट्र गोग ठरले, असे सहसा घडले नाही. हे एवढे एकच निरीक्षण या पद्धतीविषयी संशय निर्माण करण्यास पुरेसे आहे.

याच्या उलट बाजूस हिप्पोचा बिशप ऑगस्टीन उभा आहे. गॉथांनी 410 साली खुद्द रोम लुटले, त्यानंतर लिहिलेल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात, शत्रूचे नाव घेण्याची सर्व कारणे हाताशी असताना, त्याने गोग-मागोग हे जगाच्या एखाद्या कोपऱ्यातील विशिष्ट रानटी लोक नसून सर्व पृथ्वीभर पसरलेला विरोध आहे, असे मत मांडले. (कुराणातही याजूज-माजूज येतात आणि त्यांचा पत्ता शोधण्याचे उद्योग तेथेही कमी झालेले नाहीत; मिरा रोडसारख्या वस्तीत ही दोन्ही प्रकारची भाकिते एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सांगितली जात असतील.)

संदेष्ट्यांचा स्वतःचा मार्ग मात्र आमोसच्या पहिल्या दोन अध्यायांत दिसतो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा हा मेंढपाळ उत्तरेकडील इस्राएल राज्यात जाऊन एकेका शेजारी राष्ट्रावर आरोपपत्र वाचू लागतो: दमास्कसने गिलादवर लोखंडी मळणीयंत्रे फिरवली, गाझा व सोर यांनी सबंध वस्त्या गुलाम म्हणून विकल्या, अम्मोनने भूविस्तारासाठी गर्भवती स्त्रियांची पोटे फाडली. श्रोत्यांनी माना डोलावल्या असतील, कारण ही सारी त्यांच्या वैऱ्यांची पापे. परंतु मवाबाच्या आरोपाशी वाचकाने थांबले पाहिजे. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, हा तो आरोप, आणि त्यात इस्राएलाचे काहीच बिघडलेले नाही. एका परराष्ट्राने दुसऱ्या परराष्ट्राच्या मृताची विटंबना केली, एवढ्याने देवाचा कोप होतो. म्हणजे न्यायाचे माप ‘आपल्याला कोणी छळले’ हे नाही. त्यानंतर यहूदा आणि अखेरीस खुद्द श्रोत्यांचे इस्राएल पिंजऱ्यात येते. या इस्राएलावरील आरोप युद्धातल्या क्रौर्याचा नसून बाजारातला आहे: वहाणांच्या जोडासाठी गरिबाला विकणे, आणि गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून वेदीशेजारी लोळणे. घेरा आवळत आणून मध्यभागी श्रोत्यालाच उभे करण्याची ही रचना अत्यंत हेतुपूर्वक केलेली असून भाकितवाचनाची किल्ली तीत आहे.

योएलच्या तिसऱ्या अध्यायातील यहोशाफाटाचे खोरे, जेथे सर्व राष्ट्रे न्यायासाठी गोळा होतात, तेही याच प्रकाशात पाहावे लागते. परंपरेने हे खोरे यरुशलेमजवळच्या किद्रोन ओहोळाशी जोडले असले, तरी त्या नावाचा अर्थच ‘परमेश्वर न्याय करतो’ असा असल्याने ते स्थळापेक्षा प्रसंगाचे नाव वाटते. तेथील आरोपही माणसांच्या व्यापाराचा आहे: मुलगे आणि मुली विकून त्यांच्या किमतीत चैन केली, आणि यहूदाचे लोक ग्रीकांना विकले.

न्यायाची ही कल्पना यहुदी परंपरेत दरवर्षी जगली जाते. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाज, ज्याचे ठाण्यातील सभास्थान 1879 सालचे आहे, नववर्षाला ‘नव्याचा सण’ आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दार फाळणीचा सण’ म्हणत आला. नववर्षाच्या दिवशी जगात आलेला प्रत्येक जण कळपातल्या मेंढरांसारखा देवासमोरून एकेक करून जातो, अशी शिकवण ‘मिश्ना’ या प्राचीन धर्मसंहितेत आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील मेंढपाळ आणि कळप याच मातीतले आहेत.

या अध्यायात मनुष्याचा पुत्र सिंहासनावर बसतो, सर्व राष्ट्रे त्याच्यासमोर जमतात, आणि मेंढरे उजवीकडे तर शेरडे डावीकडे केली जातात. एकाही राष्ट्राचे नाव घेतलेले नाही. प्रश्न एवढाच आहे की भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला या सहा जणांशी कसे वागले गेले, कारण या ‘कनिष्ठ बंधूं’शी जे केले ते राजाशी केले, असे धरले जाते. हे बंधू कोण, यावर मतभेद आहेत. मत्तयच्या अन्य प्रकरणांत येशू ‘बंधू’ हा शब्द शिष्यांसाठी वापरतो, म्हणून अनेक अभ्यासकांच्या मते येथे फिरते प्रचारक अभिप्रेत आहेत. जॉन डार्बी यांच्या एकोणिसाव्या शतकातील युगवादी (इतिहासाची देवनियुक्त युगांत विभागणी करणाऱ्या) मांडणीला लोकप्रिय करणाऱ्या स्कोफिल्ड यांच्या 1909 सालच्या सटीप बायबलने हे बंधू म्हणजे अखेरच्या महासंकटातील यहुदी लोक असे ठरवले. आणि मदर तेरेसा यांच्यासारख्यांनी त्यांत कोणताही दीनदुबळा पाहिला. भाषिक पुराव्याचे पारडे पहिल्या मताकडे झुकते, हे मान्य करावे लागेल. परंतु कथेतील दोन्ही पक्ष आश्चर्यचकित होतात, आपण राजाला केव्हा पाहिले हे दोघांनाही आठवत नाही, आणि समोरचा माणूस येशूचा दूत आहे हे ठाऊक असते तर या आश्चर्याला जागाच उरली नसती. कथा आपल्याच शब्दांची सीमा ओलांडते, असे म्हणणे त्यामुळे अधिक सयुक्तिक ठरते.

स्कोफिल्डपंथाचा दोष असा की वाचक त्यात प्रेक्षक होतो, खटला दुसऱ्याच राष्ट्रांवर चालतो. तरीही त्या पंथाने राष्ट्र ही संज्ञा गंभीरपणे घेतली, हे श्रेय त्याला द्यावे लागते. उलट बाजूची प्रवचने या उताऱ्याचे रूपांतर वैयक्तिक दानधर्मात करून टाकतात आणि सामूहिक जबाबदारीचा सबंध भाग सोडून देतात. 2011 च्या जनगणनेनुसार 8 लाख 9 हजार वस्तीच्या मिरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर नेला जातो आणि पायथ्याच्या गावांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. यात कोणत्याही एका घराचे पाप नाही, पण सर्व घरांचा वाटा आहे, आणि राष्ट्रांच्या न्यायाची कल्पना नेमकी अशाच वाट्याविषयी बोलते. परक्याचा प्रश्नही तसाच. 2025 च्या जून-जुलैमध्ये मिरा रोडला मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तिच्या निषेधार्थ व्यापारी रस्त्यावर उतरले, आणि त्याला उत्तर म्हणून 8 जुलैला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. त्या आठवड्यात भाषेवरून डावलला गेलेला मराठी माणूस आणि पोटासाठी आलेला परप्रांतीय, दोघेही स्वतःला अन्याय झालेल्या बंधूच्या जागी पाहत होते. शेरडांच्या बाजूला आपली जागा असू शकेल, ही शंका दोन्हीकडे क्वचितच ऐकू आली.

म्हणून मराठीत प्रवचने करणाऱ्यांनी आणि भाष्ये लिहिणाऱ्यांनी मत्तयचा पंचविसावा अध्याय आमोसच्या पहिल्या दोन अध्यायांसोबत शिकवावा, आणि ज्या व्याख्येत व्याख्याकाराचे स्वतःचे गाव, भाषा व मंडळी आरोपींच्या यादीत येत नाही, ती व्याख्या अपुरी समजून परत करावी.